मार्लोसाठी वाजवलेली एक दुपार

"अगं ए, ट्रॉम्बोन! थांब ना!"

नेल ओस्टर्गार्ड थांबली नाही. अमेरिकेतल्या पिओरिया शहरात, स्टेडियममागच्या बोळातून ती वाद्याची पेटी ओढत बसकडे निघाली होती. तिच्या सेंट कॉर्बिन कॉलेजची बास्केटबॉल टीम नुकतीच हरली होती. आणि रिव्हर बेल्ट कॉन्फरन्स या कॉलेजांच्या गटाच्या स्पर्धेत टीम हरली की बँडनेही गाशा गुंडाळायचा असतो.

मागून धावत आलेला मुलगा वाट अडवून उभा राहिला. पिवळा शर्ट, काखेत ड्रम, पापण्यांवर विरघळणारा बर्फ. मार्लो कॉलेजचा... तोच! तीन वर्षं कोर्टाच्या पलीकडच्या टोकाला बसून काठ्या नाचवत चिडवणारा.

"गस. गस मादेरा," तो धापा टाकत म्हणाला. "आमच्या बँडची बस बर्फात अडकलीय. मी माझ्या गाडीने आलो म्हणून पोचलो. आता आमची सेमीफायनल आहे आणि आमचा अख्खा बँड म्हणजे — मी."

"छान की. बेसूर तरी कमी होईल."

"तुम्ही वाजवाल? आमच्यासाठी?"

नेलला आधी हसू आलं. मग राग. मार्लोसाठी? पुढच्या वर्षी कॉन्फरन्स सोडून श्रीमंत कॉलेजांच्या पंगतीत जाऊन बसणाऱ्या मार्लोसाठी? ही बातमी आल्यापासून तिचे बाबा जेवणाच्या टेबलावर त्या कॉलेजचं नावही घेऊ देत नव्हते.

"पळपुट्यांसाठी आम्ही का वाजवायचं?"

"मी कुठे पळतोय?" तो हळूच म्हणाला. "मला तर पेपरात वाचून कळलं."

तेवढ्यात तिचे बँडमास्तर पेल्के सर तिथे आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, टोपी काढली, डोकं खाजवलं.

"या कॉन्फरन्समध्ये आजवर कुठलीही टीम बँडशिवाय, मुक्यानं खेळलेली नाही. पुढच्या वर्षी जायचं तिथे जाऊ देत. आज आपलेच आहेत. शर्ट आण रे पोरा."

*

मार्लोचे पिवळे शर्ट, प्रेक्षकांत फेकायला आणलेले. सगळे एकाच मापाचे. राक्षसाच्या.

"शोभतोय," गस म्हणाला.

"गप्प बस. तंबू आहे हा."

"तंबू शोभतोय."

मॅच सुरू झाली. मार्लोने सलग तीन बास्केट टाकले, समोरच्यांनी घाबरून टाइमआउट घेतला. भोंगा वाजला. अशा वेळी बँडने कॉलेजचं गाणं दणकावून वाजवायचं. नेलने ट्रॉम्बोन उचलला, सगळ्यांनीच वाद्यं उचलली —

आणि पिवळे शर्ट घातलेल्या त्या अख्ख्या बँडने दणक्यात वाजवलं सेंट कॉर्बिनचं गाणं!

हाताला तेच वळण. दुसऱ्या ओळीला नेलच्या लक्षात आलं. मार्लोचे प्रेक्षक आ वासून बघत होते. पेल्के सरांनी टोपीत तोंड लपवलं. आता थांबावं तर फजिती, वाजवावं तर...

शेजारी ड्रम घुमला. गस वाजवत होता. एकही ठोका न चुकता, हसत हसत.

"तुला आमचं गाणं येतं?" संपल्यावर तिने विचारलं.

"तीन वर्षं समोर बसलोय. गाणंच काय, तू —"

भोंगा. खेळ सुरू. त्याला मार्लोच्या नावाचा ठेका धरावा लागला.

*

पुढचा टाइमआउट. वाजवून झालं.

"गाणंच काय... काय?"

"काही नाही."

"गस!"

"अवघड सूर आला की तू आधी डोळे मिटतेस." तो ड्रमकडे बघत होता. "मग मी ठोका चुकतो. आणि आमचे सर ओरडतात —"

भोंगा.

*

हाफटाइम. दोघांत एकच पॉपकॉर्नचा पुडा. बोटं लागतात, मागे जातात. पुन्हा लागतात.

"पुढच्या वर्षी समोर कोण बसणार?" नेलने विचारलं.

"आमच्या जागी ओहायोचं एक कॉलेज येतंय म्हणे."

"ड्रमवाला कसाय त्यांचा?"

"भिकार."

ती हसली. मग तिच्या लक्षात आलं. पुढच्या वर्षी मार्लोशी मॅच नाही. मॅच नाही म्हणजे समोरचं टोक नाही, नाचणाऱ्या काठ्या नाहीत. तीन वर्षं आपण बास्केटबॉल बघायला येत होतो... की —?

*

शेवटचे काही सेकंद. मार्लो एका गुणाने मागे. जिंकले तर उद्या फायनल. त्यांची बस नाहीच आली, तर उद्याही हाच तंबू, हीच शेजारची खुर्ची.

नेलने डोळे मिटले. चेंडू रिंगवर पडल्याचा आवाज आला. मग कडेवरून घरंगळल्याचा... मग सगळ्या स्टेडियमचा सुस्कारा.

बाहेर पडला होता चेंडू.

मार्लो हरलं. गस काठ्या हातात धरून नुसता बसून राहिला.

"सॉरी," ती म्हणाली.

"तुला काय त्याचं? तुम्हाला तर आनंदच व्हायला हवा."

"मी देवाला हाक मारली रे. मार्लो जिंकू दे म्हणून! बाबांना कळलं तर जेवायला वाढायचे नाहीत."

गसने वर पाहिलं. "पण... का?"

"जिंकला असतात तर उद्या..." ती थांबली. कान तापले होते. भोंगा वाजावा असं फार वाटलं; पण मॅच संपली होती, आता वाजणार नव्हता. "उद्या पुन्हा तू शेजारी असतास. म्हणून."

त्याने काठ्या खिशात खोचल्या. म्हणाला, "उद्या मॅच नाही. म्हणजे मी मोकळा आहे."

"आमची बस आत्ता सुटतेय."

"सुटू दे. मी सोडतो तुला."

"तुझं कॉलेज उलट्या दिशेला आहे."

"माहितीये."

दारातून पेल्के सर हाका मारत होते. नेलने त्यांना हातानेच 'तुम्ही व्हा पुढे' अशी खूण केली. सरांनी एकदा तिच्याकडे, एकदा गसकडे पाहिलं आणि मान हलवत निघून गेले.

"हे बघ," ती म्हणाली, "आजवर आपल्या भेटीच्या तारखा कॉन्फरन्स ठरवायची. आता आपल्यालाच ठरवाव्या लागतील."

"पूर्वीसारख्याच? वर्षाला दोन? एक तुमच्या गावात, एक आमच्या?"

"दोनात माझं भागायचं नाही," नेल म्हणाली. "चल. गाडी कुठे लावलीयस?"