कॅमेऱ्याच्या डावीकडे

ही गोष्ट ऐकून भास झाला असेल अशी कोणी माझी समजूत घालू लागले, की मी तो व्हिडिओ लावते. मग समजूत तिथेच थांबते.

घडले ते गोखिवऱ्यात, आमच्या राहत्या फ्लॅटमध्ये, मागच्या ऑक्टोबरातल्या एका शुक्रवारी. भर दुपारी. शुक्रवारी आमच्या मागचे कारखान्यांचे गाळे बंद असतात. यंत्रे थांबतात, आणि आठवडाभर दडपलेली शांतता भिंतींतून हळूहळू बाहेर येते. म्हणून ताईचे रेकॉर्डिंग नेहमी शुक्रवारीच.

ताई म्हणजे क्षितिजा, माझी मोठी बहीण. ती नाटकात नायिकेची मैत्रीण होते, मालिकेत नणंद होते, रंगमंचावर नाचते, परक्या भाषेतल्या बायकांना मराठी आवाज देते. इतक्या देहांतून ये-जा करणारी बाई घरी मात्र फार थोडी उरते.

ते थोडेही माझ्या वाट्याला येत नसे.

ते हेमांगीचे होते.

हेमांगी चांदीप गावची. भातशेतीचे घर. कॉलेजच्या एकांकिकेत दोघी जोडीने उभ्या राहिल्या. पुढे ताईला कामे मिळत गेली. हेमांगीला प्रत्येक दारात एकच उत्तर मिळाले : भाषा गावाकडची वाटते. मग ती ताईला क्यू देऊ लागली.

घरून सेल्फ-टेप, म्हणजे स्वतःच चित्रित केलेली ऑडिशन, पाठवायची, तर समोरच्या पात्राची वाक्ये कोणीतरी कॅमेऱ्यामागून म्हणावी लागतात. तेच क्यू देणे. आवाज सपाट ठेवायचा. चौकटीत दिसायचे नाही. हेमांगी मोबाईलच्या स्टँडच्या डावीकडे, प्लास्टिकच्या खुर्चीत बसे. चुटकी वाजवून इशारा देई... आणि ताईचा चेहरा आतून उजळे.

माझ्याकडे पाहून तो चेहरा कधीही तसा उजळला नाही. मी दारात उभी राहून पाहत असे. मला त्या खुर्चीचा मत्सर वाटे.

"हेमी, मला बसू दे ना एकदा," मी एकदा म्हटले होते.

"बस की," ती हसली. "पन तुझी ताई माझ्याकडेच बघनार, सांगून ठेवते."

गेल्या पावसाळ्यात डेंग्यूने ती गेली.

खुर्ची माझी झाली.

त्या शुक्रवारची ऑडिशन मोठी होती. एक वेब मालिका. इतक्या वर्षांत प्रथमच नायिका. प्रसंग दोन बहिणींचा : सासर सोडून परतलेल्या धाकटीला आपल्या खोलीत दुसऱ्याच कोणाचे सामान दिसते. धाकटीची वाक्ये मी म्हणायची.

"संजू, प्लीज हां, अ‍ॅक्टिंग करू नकोस," ताई म्हणाली. "रेशनच्या रांगेत नाव सांगतेस ना, तसं बोल."

"बरं, महाराणी."

मी तसेच बोलले. संहितेचे कागद दोन्ही हातांत घट्ट धरून. सपाट.

ताई ऐकत राहिली... आणि तिचे डोळे भरून आले. तिचे असे काम मी पूर्वी पाहिले नव्हते. फक्त तिची नजर माझ्या चेहऱ्यावर नव्हती. थोडी वर होती. खुर्चीमागे कोणी उभे असावे, तितकी.

"संजू! काय झालं गं हे!" तिने मला मिठी मारली.

मला वाटले, अखेर. अखेर माझ्यामुळे.

मग आम्ही व्हिडिओ लावला.

आधी नुसती खोलीची शांतता...

मग चुटकी.

माझे दोन्ही हात कागदांत गुंतलेले होते.

आता माझे पहिले वाक्य यायला हवे होते. ते आले. पण माझ्या आवाजात नव्हे.

"इतक्या लवकर भरलीस माझी जागा?"

ते सपाट नव्हते. आवाज किंचित घोगरा, शेवटाकडे हसू दाबणारा. तो आवाज दोघींनाही ओळखीचा होता.

आम्ही शेवटपर्यंत ऐकले. माझे एकही वाक्य त्यात नव्हते. मध्ये मी एकदा खोकले होते... तो खोकलाही नव्हता.

ताई किंचाळेल, मोबाईल फेकेल, असे मला वाटले.

ती हसत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि ती हसत होती.

"हेमी," ती म्हणाली. "पुन्हा लाव."

"ताई, डिलीट कर हे."

"वेडी आहेस का? लाव म्हणते ना!"

तिने व्हिडिओ तसाच पाठवला. भूमिका तिलाच मिळाली. कास्टिंगवाल्या मुलाने फोन ठेवताना विचारले, "मॅम, क्यू कोणी दिला? त्या पण अ‍ॅक्ट्रेस आहेत का? सर पूछ रहे थे."

"हो," ताई म्हणाली. "माझ्याहून मोठी."

तेव्हा तिने माझ्याकडे पाहिले नाही.

त्यानंतर दर शुक्रवारी ती खुर्ची मांडते. ऑडिशन असो वा नसो. मी बोलते, आणि व्हिडिओत दुसरीच बोलते. एकदा मी साफ नकार दिला.

"तू बसली नाहीस तर ती येत नाही," ताई शांतपणे म्हणाली. "मी करून पाहिलंय."

घरात माझी गरज किती, ते मला त्या दिवशी कळले. आत येणाऱ्याला उंबरा लागतो, तेवढी.

तरीही तोवर सारे व्हिडिओपुरतेच होते.

परवा सकाळी ताई ओट्याशी पाठमोरी उभी होती. पोहे भिजवत होती. मी दारातून हाक मारली, "ताई..."

ती गर्रकन वळली. चेहरा उजळलेला. ओले हात पुढे केलेले.

"हेमी?"

मग तिला मी दिसले. तो उजेड ओसरताना मी जवळून पाहिला.

"तू होय," ती म्हणाली आणि पुन्हा पोह्यांकडे वळली.

मी "ताई" म्हटले होते. ती शपथेवर सांगते, तिला "क्षिती" ऐकू आले. तिला क्षिती म्हणणारी एकच होती.

ज्या चेहऱ्यासाठी मी इतकी वर्षे दारात उभी राहिले, तो मला मिळाला. क्षणभर. दुसरीच्या नावाने.

आज पुन्हा शुक्रवार आहे. गाळे बंद आहेत. मघाशी मी आतल्या खोलीतून ताईला हाक मारून पाहिली. मुद्दाम. या वेळी आवाज माझाच होता, मी नीट ऐकला. दार उघडे होते, ती चार हातांवर होती.

ती वळली नाही.

आणि माझ्या डावीकडे, अगदी कानाशी... कोणीतरी चुटकी वाजवली.

ताई आता बाहेर खुर्ची मांडते आहे. गुणगुणते आहे.

मी जाऊन बसेन. मला तो चेहरा पाहायचा आहे.