तिसरी हाक

वारंगा फाट्यावरच्या हळदीच्या खाजगी बाजारात फहीम सकाळपासून पडद्यावरच्या एकाच लाल ओळीशी डोकेफोड करत बसला होता. बाजाराचा जुना जावा प्रोग्राम त्याने नव्या फ्रेमवर्कवर चढवला होता. हे नवं फ्रेमवर्क मोठं मानभावी. सेटिंगचं नाव ओळखीचं नसलं की चकार शब्द न काढता गिळून टाकायचं. एकेक करून त्याने सगळी नावं बदलली. आवाजांचा फोल्डर तेवढा सापडत नव्हता.

त्या फोल्डरात त्याचे अब्बा होते. चाँद पाशा या बाजारात हाका मारायचे. वारण्याआधी त्यांनी एक ते शंभर आकडे रेकॉर्ड करून दिले, आणि तेव्हापासून भोंग्यावरून तेच हळदवाल्यांना वजनकाट्यावर बोलवत. प्रत्येकाला हाका तीन. पहिल्या दोन हाकांना कुणी जागचं हलायचं नाही. तिसरीला ओ द्यायची आणि उठायचं, ही इथली रीत. अम्मी, म्हणजे खतीजाबी, कळमनुरीहून रोज दुपारी फोन करून भोंगा ऐकत बसायची.

"आज न्हाई जमलं तर बाईच्या आवाजाचं तयार मशीन आणतो," बाजाराचे मालक व्यंकटराव सकाळीच बजावून गेले होते. तसं झालं तर अम्मीला काय सांगायचं, हाच विचार फहीमच्या डोक्यात होता.

तेवढ्यात बाहेर भोंग्यातून अब्बांचा आवाज आला. "बारा. या काट्यावर."

फहीमने पडद्याकडे पाहिलं. लाल ओळ तशीच होती. फोल्डर सापडत नाही. कुठेतरी जुनी प्रत साठून राहिली असेल म्हणून त्याने ती शोधली, होतं नव्हतं ते पुसलं, प्रोग्राम पुन्हा सुरू केला.

"तेरा. या काट्यावर."

"बराबर चालू हाय की! काहून तोंड पाडून बसला?" व्यंकटराव दारातूनच हसून गेले.

दुपार कलली. हळदीची पिवळी धूळ कीबोर्डवर बसत होती. भोंग्यावर अब्बा मधेच खोकले, शेवटच्या आजारात खोकायचे तसे. मग दम घेऊन म्हणाले, "एकशे एक."

हा आकडा त्यांनी कधी रेकॉर्डच केला नव्हता. फहीमला रडू आलं, आणि भीतीही वाटली.

हात मात्र सवयीने काम करत राहिले. सेटिंगमध्ये फोल्डरची ओळ त्याने स्वतःच दोन घरं आत सरकवून लिहिली होती; ती भलत्याच गटात गेली होती. त्याने ती बाहेर ओढली.

लाल ओळ गेली. फोल्डर सापडला.

एकशे दोनला भोंगा गप्प राहिला.

फोन वाजला. अम्मी.

"अम्मी, भोंगा बंद झालाय. रेकॉर्ड केलेले आकडे संपले."

"बंद कुठं? इथं अंगणात बोलून राहिले की."

तिच्या मागून शांत, ओळखीचा आवाज आला. "खतीजा. ये काट्यावर."

"अम्मी, ओ देऊ नको!"

"येडा हाईस का," ती लाजून हसली. "रीत ठाऊक हाय मला. आत्ता तर दुसरीच झाली."