खाणपलटण

आमच्या कारखान्यात बोटाच्या दोन पेरांएवढे प्लास्टिकचे सैनिक तयार होतात. मोठी, कमावती माणसं ते विकत घेतात, रंगवतात, टेबलावर फौजा मांडून फासे टाकतात आणि हरली की खेळाच्या नियमांवरून तावातावाने भांडतात. माझं काम मोजण्याचं. शंभरातला एक सैनिक उचलायचा, कॅलिपरमध्ये धरायचा, उंची लिहायची, खाली सही करायची. बारा वर्षं तेच करतेय.

माझी सख्खी थोरली बहीण वरच्या मजल्यावर बसायची. फौजेच्या प्रत्येक खोक्यात एक पुस्तिका असते. हे सैनिक कुठल्या ग्रहावरचे, कुणाशी लढतात, का लढतात, ते सगळं ताई लिहायची. खाणपलटण तिचीच. ऊन न पोचणाऱ्या ग्रहावर सहा पिढ्या सम्राटाच्या जहाजांसाठी बर्फ खणणारे मजूर. सम्राटाचं आरमार उतरलं आणि गुडघे टेकायचा हुकूम झाला, तेव्हा त्यांची मुकादमीण म्हणाली, "आम्ही वाकलो ते फक्त खणायला." तिथून पुढे ती पलटण प्रत्येक लढाई उभ्याने लढली.

यंदा साहेबांनी ताईला बोलावलं, तेव्हा मी मापांचे कागद घेऊन तिथेच उभी होते.

"सम्राटाचं सैन्य हातोहात खपतं, तुमचे मजूर धूळ खातायत," साहेब म्हणाले. "नव्या आवृत्तीत ते शरण येतील. नवं खोकं काढू. गुडघे टेकलेले दहा जण."

"ते टेकणार नाहीत."

"बाई, ते प्लास्टिकचे आहेत."

"म्हणूनच सांगते. मोडतील, पण वाकायचे नाहीत."

साहेब हसले. मग म्हणाले, तुम्हाला जमत नसेल तर दुसरं कुणी लिहील.

"मग दुसऱ्याच कुणाला तरी सांगा," ताई म्हणाली आणि उठली.

जिन्यात मी तिला गाठलं. "अगं, एवढ्याशा बाहुल्यांपायी नोकरीवर लाथ मारतेस?"

"तुला नाही कळायचं," ती म्हणाली. "तू त्यांना फक्त डोक्यापासून पायापर्यंत ओळखतेस."

पुढच्या महिन्यात साचा आला. आमच्याकडे साचे करणारे काका आहेत. त्यांच्या हातचा साचा केसभरही चुकत नाही. दुपारी पहिली खेप निघाली. गुडघे टेकलेला, मान खाली घातलेला सैनिक. उंची वीस मिलिमीटर. मी सही केली.

चहानंतर सवयीने तोच पुन्हा मोजला. वीस पूर्णांक तीन.

प्लास्टिक निवताना आक्रसतं. अगदी किंचित, पण आक्रसतंच. वाढत नाही. मी कॅलिपर पुसला, शून्यावर आणला, दुसरा सैनिक घेतला. वीस पूर्णांक तीन.

सकाळी एकवीस भरले. टेकलेल्या गुडघ्याखालून कागद आरपार सरकत होता.

काकांनी भिंग लावून साचा तपासला. "साचा माझा बरोबर आहे," ते म्हणाले. "उन्हात ठेवले होतेस का?"

"कपाटात होते."

त्यांनी ट्रे कानाजवळ नेला आणि बराच वेळ तसाच धरला. मग माझ्याकडे दिला. आतून बारीक टकटक येत होती, तापलेला पत्रा संध्याकाळी निवताना येते तशी.

तिसऱ्या दिवशी तेवीस. आता माना वर होत्या. साच्यात त्यांना डोळे कोरलेले नव्हते, कारण खाली घातलेला चेहरा दिसणारच नव्हता. त्या कोऱ्या चेहऱ्यांनी ते समोर बघत होते.

साहेब खाली आले. "कागदावर वीस लिहा आणि सही करा. माल अडकलाय."

बारा वर्षांत मी साहेबांना नाही म्हटलं नव्हतं. मी पेन टेबलावर ठेवलं.

"तेवीसला वीस लिहिणार नाही, साहेब. वाटल्यास मलाही घरी पाठवा."

"तुम्हा बहिणींना झालंय तरी काय?" ते म्हणाले. थोडा वेळ ट्रेकडे बघत राहिले, मग नजर काढून घेतली. "चुरा करा सगळ्याचा."

काकांनी सगळी खेप यंत्रात ओतली. खाली पोतं मी धरलं होतं. करडा चुरा, मोहरीएवढा. अर्धी अर्धी भरून अकरा पोती झाली. आम्ही तोंडं बांधून ती मागच्या खोलीत भिंतीकडेला आडवी टाकली. साहेबांनी स्वतः कुलूप लावलं आणि किल्ली खिशात घातली.

दुसऱ्या दिवशी ताई तिचं सामान न्यायला आली होती. साहेबांनी खोली उघडली तेव्हा ती, काका आणि मी, तिघंही मागे होतो.

अकराही पोती उभी होती.

अर्धं पोतं उभं राहत नाही, बसतं. ही ताठ होती, भिंतीपासून चार पावलं पुढे, एका ओळीत. जमिनीवर धुळीचा थर होता. त्यात ओढल्याची एकही रेघ नव्हती.

"कुणी केलं हे?" साहेबांनी विचारलं. किल्ली त्यांच्याच हातात होती.



ते पुढे झाले. पहिल्या पोत्याला तळवा लावून ढकललं. मग खांदा लावला. काकांनीही हात दिला. पोतं हललं नाही.

"बाई," साहेब खालच्या आवाजात म्हणाले, "जुनीच पुस्तिका राहू दे."

ताई पोत्याकडे बघत होती. साहेबांनी हात काढला. तिथे त्यांच्या पंजाचा खळगा उमटला होता, पाचही बोटांसकट. आम्ही बघत असताना तो आतून हळूहळू भरून आला.