उत्तर गोलपुढचं पिवळं गवत

"हेर! शंभर टक्के हेर!" तेगील स्टेडियमच्या कठड्याआडून कुजबुजला. "नाहीतर या उन्हात पिशवी घेऊन गोलपाशी कोण जाईल?"

"अरे, ते आपलं पाणमांजर आहे," त्याची मैत्रीण नारे म्हणाली. गाराम सिटी फुटबॉल क्लबचं ते शुभचिन्ह. शनिवारच्या सामन्याआधी नाचायचं म्हणून पोशाख चढवून सराव करत होतं.

"म्हणूनच तर! पोशाखाच्या आत कोण आहे, ते कुणाला दिसतंय? दुसऱ्या क्लबनं आपला माणूस घुसवला असेल!"

"मी विचारून येते," म्हणत तेगीलची धाकटी बहीण सोदाम सरळ मैदानात पळाली. हेरगिरीचे नियम तिला ठाऊकच नव्हते. "दादा, पिशवीत काय आहे?"

पाणमांजरानं डोकं काढलं. आतून घामानं निथळणारा एक दादा निघाला. "बर्फ आहे गं! आत शिजून निघतोय मी. घे, तूही लाव कपाळाला!"

एक संशयित बाद झाला. पण उत्तरेच्या गोलपुढचं गवत कुणीतरी मारत होतं, हे नक्की!

बाकी मैदान हिरवंगार होतं आणि तेवढा तुकडा वाळून पिवळा पडला होता. लीगचे तपासनीस शनिवारी सकाळी यायचे होते. मैदान नापास झालं तर सामना शेजारच्या शहरात जाणार होता आणि त्याचं खापर फुटणार होतं नारेच्या बाबांवर. या मैदानाची निगा तेच राखत. व्यवस्थापक प्योनसाहेबांनी आज सकाळीच त्यांच्याकडून पंपघराच्या किल्ल्या काढून घेतल्या होत्या. "शनिवारनंतर आम्ही दुसरा माणूस बघू," असंही वर ऐकवलं होतं. बाबा घरी येऊन भिंतीकडे तोंड करून निजले. नारेनं त्यांना दिवसाउजेडी निजलेलं कधी पाहिलं नव्हतं. तिला रडू आलं आणि मग भयंकर राग आला.

गाराम सिटी हा कुणा कंपनीचा क्लब नव्हता. तो अख्ख्या शहराचा होता आणि महापौरबाई त्याच्या मालक. म्हणजे तसे सगळेच मालक आणि सगळेच शहाणे! काही चुकलं की मात्र माणूस एकच सापडायचा.

"आई गं!" सोदाम गोलरेषेवर अडखळून तोंडावर आपटली आणि थू थू करत उठली. "शी! इथली माती खारट आहे!"

"माती कशी खारट असेल, वेडे?"

"मग तूच चाट ना, शहाण्या!"

नारे गुडघ्यांवर बसली. पिवळ्या काड्यांच्या मुळाशी पांढरे, जाडे दाणे चमकत होते. तिनं एक जिभेवर ठेवला. "मीठ! किमचीच्या कोबीला लावतात ते जाडं मीठ!"

"पण काकांना कसं दिसलं नाही?" तेगीलनं विचारलं.

"बाबा रोज सकाळी पाणी मारतात, त्यात विरघळून जात असणार. आज किल्ल्याच नाहीत, म्हणून पाणी पडलं नाही!" नारेचे डोळे बारीक झाले. "नको असलेला पाहुणा गेला की माझी आई दारात काय करते?"

"मूठभर मीठ फेकते. पीडा टळो म्हणून."

"आणि यंदा आपण सगळे गोल कुठे खाल्ले?"

"या गोलमध्ये! कालचासुद्धा!" तेगीलनं आ वासला. "म्हणजे हेर नाहीच! आपलाच कुणीतरी पनवती घालवतोय!"

"आपलाच," नारे म्हणाली. "आणि तो बाबांना शिव्या खाताना बघत गप्प बसलाय."

आता तिघांना प्रत्येक माणसाचा संशय यायला लागला. फाटकावरचा पहारेकरी हसला, तर तो का हसला? तिकीटवाली मावशी हसली नाही, तर ती का हसली नाही?

"असं नाही जमायचं," नारे म्हणाली. "चोराला आपणच बोलावू या."

फाटकासमोर तेगीलच्या आईचं थंड शेवयांचं हॉटेल होतं. दुपारी क्लबची सगळी मोठी माणसं तिथे जेवत. त्या दिवशी कोपऱ्यातल्या टेबलावर प्रशिक्षक माक सर, प्योनसाहेब आणि खुद्द महापौरबाई बसल्या होत्या.

"निष्काळजीपणा! दुसरं काय?" प्योनसाहेब शेवया ओढत म्हणाले. "त्या सोकला काढल्याशिवाय गवत उगवायचं नाही."

सोक म्हणजे नारेचे बाबा. तिनं मुठी आवळल्या. तेगीलनं तिला कोपरानं ढोसलं आणि मुळ्याच्या लोणच्याची वाटी घेऊन तो त्या टेबलाजवळ गेला.

"आई, मला काय स्वप्न पडलं माहितीये?" तो ओरडला. "आपलं पाणमांजर ढसाढसा रडत होतं! म्हणालं, पनवती मोठ्या मैदानातून पळाली आणि मागच्या सरावाच्या गोलमध्ये जाऊन बसली!"

"उन्हात भटकू नकोस, म्हणून सांगत होते!" आई म्हणाली.

कोपऱ्यातल्या टेबलावर मात्र जेवणाच्या काड्यांच्या तीन जोड्या एकदम हवेत थांबल्या. मग तिघेही खाली मान घालून भराभरा जेवायला लागले.

मागचं सरावाचं मैदान प्लॅस्टिकच्या गवताचं होतं. तिथे मीठ काय, समुद्र ओतला तरी काही बिघडलं नसतं! मुलं चेंडूंच्या जाळीगाडीमागे दबा धरून बसली. ऊन मी म्हणत होतं.

आधी आले माक सर. इकडे तिकडे बघत त्यांनी खिशातून पुडी काढली. "जा, पनवती, जा!" म्हणत त्यांनी मीठ फेकलं. तेवढ्यात पावलं वाजली आणि ते कडेच्या पाण्याच्या टाकीमागे लपले.

आले प्योनसाहेब! त्यांच्याकडे चांगली पिशवीच होती. दोन मुठी झाल्या, तोच पुन्हा चाहूल लागली. तेही धावत टाकीमागे गेले...

"तुम्ही?"

"तुम्ही?!"

"शूऽऽ!"

कारण छत्री मिटत महापौरबाई येत होत्या. त्यांनी पर्समधून रेशमी बटवा काढला. "एकदाची टळ गं बाई," असं पुटपुटून त्यांनी मूठ भिरकावली आणि ती नेमकी टाकीवर आदळली. माक सर फटाक्यासारखे शिंकले.

"पकडले!" तेगील गाडीवर उभा राहिला.

"मी एकच मूठ टाकायचो!" प्योनसाहेब गडबडले.

"मीपण एकच!" माक सर म्हणाले.

"आणि मीही," महापौरबाई हळूच म्हणाल्या. "दर पराभवानंतर."

"आणि पराभव किती झाले?" सोदामनं निरागसपणे विचारलं. माक सर बोटं मोजायला लागले.

नारे पुढे झाली. "तुम्ही सगळ्यांनी मिळून गवत मारलंत आणि दोषी ठरले आमचे बाबा. सकाळपासून ते जेवलेले नाहीत."

मोठ्या माणसांच्या माना खाली गेल्या. महापौरबाईंनी छत्रीसुद्धा उघडली नाही, तशाच उन्हातून चालत नारेच्या घरी गेल्या. दारात त्यांनी कमरेत वाकून बाबांची माफी मागितली. मागे प्योनसाहेब किल्ल्या पुढे धरून उभे होते.

"आधी खारी माती काढू," बाबा बूट चढवत म्हणाले. "गोलमागच्या कडेची हिरवळ उचलून तिथे बसवू. फावडी आहेत, माणसं लागतील."

"माणसं आहेत ना!" महापौरबाईंनी बाह्या सरसावल्या.

शनिवारी तपासनिसांनी वाकून गवत पाहिलं, पायानं दाबलं आणि मान डोलावली. सामना गाराममध्येच झाला. शेवटच्या मिनिटाला बरोबरी होती आणि नेमकी उत्तरेच्या गोलवर पेनल्टी मिळाली, तीही पाहुण्यांना! महापौरबाईंच्या शेजारी आज बाबांच्या आणि मुलांच्या खुर्च्या होत्या.

बाबांनी शांतपणे हात पसरला. "आणा इकडे."

माक सर खाली मैदानाकडेला होते, म्हणून वाचले. मागे बसलेल्या प्योनसाहेबांनी खिशातून पुडी काढून दिली. महापौरबाईंनीही लाजत बटवा दिला.

फटका बसला! गारामचा गोलरक्षक डावीकडे झेपावला, नव्या हिरवळीवरून घसरत गेला आणि चेंडू त्याच्या पोटाशी होता! अख्खं स्टेडियम उभं राहिलं.

"या मुलांनी गारामची लाज राखली!" महापौरबाई ओरडल्या आणि त्यांनी तिघांना एकदमच मिठी मारली.

बाबा मात्र त्या गवताकडे बघत होते. मग त्यांनी डबा उघडला, उकडलेली अंडी सोलली, त्यांवर रेशमी बटव्यातलं मीठ भुरभुरलं आणि पहिलं अंडं नारेच्या हातात दिलं.

"खा," ते म्हणाले. "मीठ इथेच टाकायचं असतं."