डाव्या पंखाच्या तारा

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका... हे माझ्या सख्ख्या भावाच्या बाबतीत घडलंय. मागच्या मार्चमध्ये, शिरूरजवळ निमोण्याच्या माळावर.

माझा भाऊ जोनाथन. आम्ही शिरूरच्या मिशन कंपाउंडातले. माळावर विमानांचं वेड असलेल्या विश्वजीत साहेबांची शेड होती. तिथं एक जुनं विमान नव्यानं बनत होतं. एकावर एक दोन पंख, एकच सीट, लढाऊ. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात परदेशात कुणीतरी असं एकच विमान बनवलं होतं. ते कधी धड उडलंच नाही. आधी नाक जड झालं. मग इंजिन तापायला लागलं. शेवटच्या चाचणीत डावा पंख मिटला आणि पायलट गेला. तिथल्या सरकारनं नाद सोडला.

साहेबांना तेच हवं होतं. "गोऱ्यांना जमलं नाही ते आपण उडवू," म्हणायचे.

जोनाथन पंखांचं काम बघायचा. दोन पंखांच्या मधे ताणाच्या तारा असतात. सगळा पंख त्यांच्यावर उभा.

संध्याकाळी तो तारा आवळून, कुलूप लावून यायचा.

सकाळी तारा... सैल.

फक्त डाव्या पंखाच्या.

कॅमेरा लावला. कॅमेऱ्यात कुणीच नाही. नुसता आवाज... कुणीतरी धाप टाकत असल्यासारखा.

एका रविवारी चर्चमधून मी त्याला डबा द्यायला गेले. भर दुपार. जोनाथन बाहेर फोनवर. शेडमध्ये मी एकटी.

टक... टक...

आवाज पंखातून येत होता. पंख म्हणजे लाकडाच्या फासळ्या आणि वर ताणलेलं कापड. आत काहीच नसतं. मी कापडावर हात ठेवला.

आतूनही कुणीतरी हात ठेवला.

पाची बोटं लागली मला.

"ताई, तुला पण लागली?" मागं जोनाथन उभा होता. "मला वाटलं, मलाच येड लागलंय."

दुसऱ्या दिवशी तो साहेबांना म्हणाला, "साहेब, हे उडवू नका. त्याला नको हाय."

"कुणाला?"

जोनाथननं डाव्या पंखाकडं बोट केलं.

"तारा तूच सैल करतोस," साहेब म्हणाले. "उद्यापासून येऊ नको."

जोनाथन घरी बसला. आणि तारा सैल व्हायच्या थांबल्या.

मग काय, सगळ्यांची खात्रीच पटली.

चाचणीच्या दिवशी मांडव, पाहुणे, पुढारी. पायलट सुदर्शन, दौंडचा, नवीन लग्न झालेला. जोनाथननं त्याला गेटवर अडवलं, उडवू नको म्हणाला.

तो हसला. "दादा, सगळं स्वतः चेक केलंय मी."

आम्ही कुंपणाबाहेर उभे राहिलो. विमान धावायच्या आधी सुदर्शननं मान वळवली... मागं बघून काहीतरी बोलला.

मागं सीटच नव्हती.

विमान उचललं. लोक टाळ्या वाजवत होते.

डावा पंख मिटला.

विमान उसात पडलं. सुदर्शन जागच्या जागी गेला.

चौकशीत तारा घट्ट निघाल्या. तरी नाव जोनाथनचंच आलं. रांजणगावच्या कारखान्यांत आज त्याला कुणी कामावर घेत नाही. साहेबांनी दुसरं विमान सुरू केलंय.

मागच्या महिन्यात सुदर्शनची बायको तेजश्री घरी आली. वाटलं, शिव्या देईल. तिनं पाणीसुद्धा घेतलं नाही.

"तुमचा भाऊ होता तवर तारा सैल व्हायच्या," ती हळू म्हणाली. "माझ्या माणसाच्या पाळीलाच का थांबल्या?"

जोनाथन आत भिंतीकडं तोंड करून बसला होता.

तिला मी काय सांगायला हवं होतं... मला आजही कळत नाही.