बांधावरचे पाइन

युसूफ वडगावच्या काळ्या रानात पाइन कोण लावतं? रविराजनं लावले. डोंगराळ मुलखातून रोपं मागवून बांधावर ओळीनं उभी केली. शेतकीची पदवी आहे, हौस आहे, असं लोक म्हणत. कारण वेगळंच होतं. बांध सरकवलेला होता. झाडं वाढली की तो पूर्वीपासून तिथंच होता असं दिसलं असतं.

रविराजचे वडील, मोहनराव, दरसाल नांगरताना शेजारच्या बायनाबाईच्या रानात थोडंथोडं शिरून बांध कोरत आले होते. ती विधवा बाई गावापुढं गेली, तेव्हा मोहनरावांनी देवळात बेलभंडारा उचलून शपथ घेतली, बांध जागचा हललेला नाही. रविराज शेजारीच उभा होता. तो पायाच्या अंगठ्याकडं बघत राहिला. तेव्हापासून बाई समोर आली की त्याला मेल्याहून मेल्यासारखं होई.

यंदा पाइनच्या सालीवर फोड आले. फोड फुटले की पिवळी भुकटी झडे. तांबेरा. गव्हावर येतो, तसा पाइनवरही येतो. रविराजनं फवारणी केली. पण भुकटी वाऱ्यानं उडेना. पडायची ती त्याच्याच तुरीत, सरळ रेघेत, जुना बांध होता तिथं. त्यानं रेघ पायानं मोडली. सकाळी ती पुन्हा होती.

बायनाबाई पलीकडून बघत होती.

“हळद कुणी उधळली रं, रवी?”

“रोग हाय, मावशी.”

“वास तर भंडाऱ्याचा येतोय.”

त्यानं बोटं हुंगली. देवळातलाच वास. शरमेनं त्याची मान वर होईना.

घरी मोहनराव जेवता जेवता म्हणाले, “तोडून टाक बे समदी. इषय संपला.”

त्यानं झाडं तोडली. बुंधे तेवढे राहिले.

आठवड्यानं तो रानात गेला, तर बायनाबाई पहिल्या बुंध्यापाशी पदर घट्ट धरून बसलेली.

“ह्ये बग.”

पाइन बुंध्यापासून तोडला की पुन्हा फुटत नाही, असं तो शिकला होता.

बुंध्याला पालवी फुटली होती. सुया नव्हत्या. तीन-तीन पानं. बेलाची. वर चिमूटभर पिवळी भुकटी.

पुढच्या बुंध्यावरही तेच.

“म्या हात लावला न्हाई,” बाई म्हणाली. “आता तूच सांग. बांध कुटं हुता?”

खरं अगदी रविराजच्या ओठांशी आलं होतं, पण बाहेर पडलं ते वडिलांचंच.

“हितंच हुता, मावशी.”

बाई पदर सावरून उठली.

त्याचा उजवा हात खिशात होता. मूठ कधी मिटली, त्याला कळलं नव्हतं.

आत काहीतरी गार लागत होतं. तीन पानं. ओली.