आंबेवळणची शांत ग्रामसभा

आंबेवळणच्या ग्रामसभेत भांडण होत नाही, असं भुदरगड तालुक्यात कुणाला सांगितलं तर ऐकणारा आधी हसायचा. याच गावात बांधावरच्या एका निवडुंगापायी दोन घरांचा अबोला तीन पिढ्या चालला होता, आणि मागच्या ग्रामसेवकाच्या कपाळावरची खोक सभेत उडालेल्या खुर्चीची होती. पण गेल्या वर्षभरात चित्र पालटलं होतं. माणसं शाळेच्या सभागृहात यायची, सतरंजीवर बसायची, विषय ऐकायची आणि हात वर करून घरी जायची. सभा तहकूब करायची वेळच येत नव्हती.

ही किमया सभागृहाच्या दोन कोपऱ्यांतल्या दोन काळ्या पेट्यांची होती. गाव त्यांना ‘शांतिनाद’ म्हणे. कोल्हापूरच्या एका प्रयोगशाळेतली ऋचा सबनीस नावाची तरुण संशोधिका त्या घेऊन आली, तेव्हा सरपंच कलावती पोवारने तिला आधी उंबऱ्यातच उभं केलं होतं. “सूर ऐकवून आमच्या माणसांना गप करणार? अहो बाई, आमच्याकडं भजनात बसायच्या जागेवरून मारामाऱ्या होतात.”

ऋचाने वाद घातला नाही. तिने कलावतीच्या कपाळाला एक मऊ पट्टी लावली आणि पडदा समोर धरला. त्यावर दाट, टोकदार रेघा धावत होत्या. “या तुमच्या मेंदूलहरी. माणूस चिडला, धास्तावला की अशा घाईने पळतात.” मग तिने पेट्या सुरू केल्या. एकीतून एक सूर येत होता, दुसरीतून त्याच्याहून किंचित चढा. दोन्ही मिसळले की हवेत एक संथ हेलकावा तयार होई, कानाला जेमतेम जाणवेल असा. “वरातीत बँड वाजायला लागला की आपलं पाऊल आपोआप ठेक्यावर पडतं ना? तसा मेंदू या हेलकाव्याबरोबर चालायला लागतो.” पडद्यावरच्या रेघा खरंच रुंदावल्या. कलावती त्या दिवशी सकाळीच धाकट्या दिराशी कडाकडा भांडून आली होती. कशावरून ते तिला आठवत होतं, पण त्यात भांडण्यासारखं काय होतं ते काही केल्या कळेना. तिने पेट्या ठेवून घेतल्या.

मग कामं धडाधड मार्गी लागली. गटारं झाली, दिवे लागले, स्मशानाचा रस्ता झाला. तालुक्याला कलावतीचा सत्कार झाला, आणि त्याने ती हरखली नाही असं म्हणणं खोटं होईल.

आजचा विषय मात्र सगळ्यांत मोठा होता. गावच्या नळाला फाल्गुनातच घरघर लागायची. खालच्या अंगाला धनगरवाडीत मात्र बारमाही झरा होता. त्यावर मोटर बसवून पाणी वर गावात आणायची योजना मंजूर झाली होती. फक्त ग्रामसभेचा ठराव हवा होता, आणि तो आज झाला नाही तर निधी परत जाणार होता. नळाला पाणी आणलं नाही तर पुन्हा मत मागायला येणार नाही, असं कलावतीने निवडणुकीत छातीठोकपणे सांगितलं होतं. तिच्या स्वतःच्या घरातली पिंपंही रिकामीच होती.

उपसरपंच दिनकररावांनी योजना वाचून दाखवली. धनगरवाडीच्या लोकांनी मन लावून ऐकली. त्यांत हौसाबाई शेळके होती. तिला सगळा गाव ‘तोफ’ म्हणत असे. दुसऱ्याची म्हैस झऱ्यावर आली, तर म्हशीला आणि मालकाला एकाच दमात शिव्या घालणारी बाई.

“हौसाकाकी, तुमचं काय म्हणणं?” कलावतीने विचारलं.

“माजं काय असनार?” हौसाबाई प्रसन्न हसली. “घ्या की पानी. पानी काय आमच्या बाचं हाय?”

सभेने माना डोलावल्या. कलावतीलाही ते फार छान वाटलं. तेवढ्यात चहाचे कप फिरवणाऱ्याचा धक्का लागला आणि तिच्या पदरावर चहा सांडला. ती पदर धुवायला बाहेर गेली. शाळेच्या नळाला अर्थातच पाणी नव्हतं, म्हणून ती मागच्या भिंतीआडच्या रांजणाकडे वळली.

तिथे नाद पोचत नव्हता. पदर चोळता चोळता तिला आधी त्या चहावाल्याचा राग आला. नवी साडी, आणि याला धड चालता येत नाही! तो राग एवढासाच होता, पण त्याच्या मागोमाग दुसरं काहीतरी वर आलं आणि तिचा हात थांबला. हौसाकाकी झरा देते? घागरभर पाण्यासाठी कोयता उगारणारी बाई हसत हसत सगळी वाडी कोरडी करायला निघाली, आणि मी सरपंच असून मान डोलावते?

ऋचा पलीकडे झाडाखाली, कानांत बोळे घालून बसली होती. प्रयोग करणाऱ्याने स्वतः नाद ऐकायचा नाही, असा तिचा दंडक होता. कलावतीने तिच्या समोर जाऊन हाताने खूण केली, तेव्हा तिने बोळे काढले.

“खरं सांग पोरी. ही पेटी राग घालवते, एवढंच ना?”

ऋचा थोडी घुटमळली. “लहरींमध्ये राग आणि भीती वेगवेगळी काढता येत नाहीत, ताई. राग उतरला की भीतीही उतरते.”

“म्हणजे माणसाला स्वतःचं नुकसान दिसतं, पण त्याची भीती वाटत नाही?”

“दिसतं. टोचत नाही.”

“आणि हे तू मला आता सांगतेस!”

“तुम्ही कधी विचारलं नाहीत. तुमच्याच गावातून मला सगळ्यांत चांगले निष्कर्ष मिळत होते,” असं म्हणून ऋचाने मान खाली घातली. कलावतीला तिचा संताप आला, पण तिला स्वतःचीही लाज वाटली. वर्षभर सत्काराच्या शाली तिनेच पांघरल्या होत्या.

ती सभागृहाकडे धावली. दारातून आत पाऊल टाकताच हेलकाव्याने तिला पुन्हा गाठलं. पहिल्या काही पावलांतच धाप शांत झाली. दिनकरराव म्हणत होते, “मंजूर असणाऱ्यांनी हात वर करा.” हातांचं रान उभं राहिलं. हौसाबाईचा हात सगळ्यांच्या वर होता. किती सुरेख दृश्य! गावाला पाणी मिळेल, निधी परत जाणार नाही, पुढच्या निवडणुकीचीही चिंता मिटली. कशाला मोडता घालायचा? वाडीची माणसं राजीखुशीनेच तर देत आहेत.

“वाडीचं पाणी, वाडीचं पाणी,” असं कलावती तोंडातल्या तोंडात पुटपुटत राहिली. त्या शब्दांतला जीव प्रत्येक पावलागणिक कमी होत होता. मंचापाशी पोचेपर्यंत आपण ते का म्हणतोय हेही तिला नीटसं उमजेना. पण तोंड चालू होतं, आणि तोंडामागून हात गेला. तिने भिंतीतली पेट्यांची पिन उपसली.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग बधिर पायाला मुंग्या याव्यात तशी सभेत चुळबुळ सुरू झाली. हौसाबाईने मान वर करून स्वतःच्या हाताकडे पाहिलं.

“ह्यो हात कुनी वर केला?” ती म्हणाली. “माजाच हाय न्हवं ह्यो?”

आणि तोफ धडाडली. “आमचा झरा उचलून न्यायला निगालासा व्हय रं? दिनकर, तुज्या मोटरीला आग लागू दे! चैतात झरा करंगळीएवढा हुतोय. मोटर लावलीस तर दोन दिसांत बूड दिसंल त्याचं. मग आमच्या मेंढरांनी काय तुजं त्वांड चाटायचं?”

“मघाशी हो म्हणालीस की!” दिनकरराव म्हणाले.

“मघाशी मी हुते कुटं?”

सभा उभी राहिली. दोन्हीकडून आईबहिणींवरून शिव्या निघाल्या. ग्रामसेवकांनी मागच्याची खोक आठवून आपली खुर्ची भिंतीला लावली. कलावतीला डोळ्यांसमोर निधी परत जाताना दिसत होता, आणि तिला रडू येईलसं वाटलं. पण पिन तिने हातात घट्ट धरून ठेवली.

“तुम्हा वाडीवाल्यांना काय कळणार?” दिनकरराव किंचाळले. त्यांचा आवाज फाटला. “माझी सून दिवस गेलेले असताना घागर घेऊन तुमच्याच उतारावर घसरली. पोर गेलं आमचं! दिसलं कुणाला?”

सगळे गप्प झाले. पेट्या बंदच होत्या.

हौसाबाई दिनकररावांच्या समोर येऊन थांबली. “कवा?”

“मागच्या शिमग्याला.”

“मला का सांगितलं न्हाईस रं?”

“तू कुणाला बोलायला देतीस?”

मागच्या बाजूला कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि हौसाबाईलाही डोळ्यांत पाणी असताना हसू आलं. त्यानंतरही भांडण बराच वेळ चाललं, पण आता त्यात माहिती होती. झऱ्याची धार कधी बारीक होते, कुणाच्या घरी किती जनावरं, उतारावर चर खणले तर पाणी मुरेल का. शेवटी असं ठरलं की टाकी वाडीत बांधायची, आधी वाडीची घागर भरायची, उरलेलं पाणी गावात न्यायचं. चैत्रात मोटर बंद राहील आणि गावाला टँकर येईल. चर खणायला घरटी एक माणूस. ठराव एकमताने झाला नाही. काहीजण तणतणत निघून गेले. हौसाबाईने हात वर केला तोही दिनकररावांकडे डोळे वटारून. कलावतीला मात्र वर्षभरातला हा पहिलाच हात खरा वाटला, आणि तिचा जीव भांड्यात पडला. ठराव वेळेत झाला होता.

माणसं उठायला लागली, तशी हौसाबाई मंचाजवळ आली. तिचा आवाज आता खाली होता.

“सरपंचबाय, मागल्या पावसाळ्यात आमच्या वाडीची अंगनवाडी उचलून गावात आनली. तवाबी मी हात वर केलता. त्यो हात कुनाचा हुता?”

कलावतीने दारात उभ्या असलेल्या ऋचाकडे पाहिलं.

“वर्षभराचे सगळे ठराव परत मांडू, काकी,” कलावती म्हणाली. “एकेक.”

“अहो, जन्म जाईल!” दिनकररावांनी कपाळावर हात मारला, पण सतरंजीवर बसकण त्यांनीच पहिली मारली. दाराशी पोचलेली माणसं कुरकुरत मागे फिरली. कलावतीने अंगणवाडीचा विषय पुकारला, आणि एकदम चार आवाज उठले. शांतपणे, एकमताने झालेल्या त्या सगळ्या निर्णयांपैकी माणसं भानावर असताना किती टिकणार होते?